चिकाचा डाग

परवा पोळ्याची आमोशा होती. लाईट गेली म्हणून आम्ही असोद्याच्या घरी ओट्यावर बसलो होतो. माझे चुलत सासरे नवलनाना, दीर तेजस आणि मी. बाळ मांडीवर, अंगात पिवळं झबलं. नव्या बाळाला वापरलेलं घालतात, म्हणून धुळ्याच्या पुष्पामावशीनं शेजारणीच्या मुलीचे कपडे पाठवले होते. झबल्याच्या पाठीवर एक तपकिरी डाग होता. मी घासून थकले होते.

तेजस म्हणाला, "नाना, तुमची भुतं मोबाईलमध्ये येत नाहीत का आता?"

"कागदावर येतात," नाना म्हणाले. "ऐक."

त्यांचे दोस्त लोटनभाऊ. त्यांचा ललित जळगावला फोटो स्टुडिओत कामाला होता. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकानं फोटोच्या जुन्या कागदांचे डबे त्याला देऊन टाकले. कॅमेरा नव्हता, तरी तो त्यावर चित्रं काढायचा. कागदावर केळीचा चीक ओतायचा. वाळला की कागद फोटो धुवायच्या औषधांत, एकदा डेव्हलपरमध्ये बुडवायचा, एकदा हायपोमध्ये. चीक सुटेल तिथं काळं, राहील तिथं पांढरं. त्यातून डोंगर यायचे, नदी यायची, धुकं यायचं. पुण्याहून मागणी आली. चित्रं न्यायला माणूस सकाळी येणार आणि आदल्या संध्याकाळी चीक संपला. तेव्हाही पोळाच होता.

ललित चीक आणायला मळ्यात गेला. मळा नांगरून टाकलेला. फक्त बांधाच्या कोपऱ्यात केळी उभ्या होत्या. लोटनभाऊंच्या घरात दगावलेली तान्ही पोरं तिथं पुरलेली. प्रत्येकावर एक केळ. तिचं पानसुद्धा कुणी तोडत नाही, घड वानरांना सोडतात. निघतानाच लोटनभाऊ म्हणाले होते, "त्या कोपऱ्याले हात लावू नको."

ललितनं तिथलीच एक केळ कापली.

रात्री बायको मोहिनी आणि तान्ही पोरगी पुढच्या खोलीत निजल्या. दाराला आतून कडी. ललित मागे मोरीत, लाल बल्ब लावून.

पहिल्या कागदावर डोंगर आलेच नाहीत. सपाट जमीन आली. तिच्यावर लहान लहान उंचवटे.

दुसऱ्यावर त्यातला एक उकरलेला. तिथून एक रेघ निघालेली. रांगत्या पोराचे पाय घासत जावेत तशी.

तिसऱ्यावर गल्ली. रेघ गल्लीत.

"मग थांबायचं ना," तेजस हळू म्हणाला.

"थांबला. नवा कागद बुडवलाच नाही. पण ट्रेमधला तोच कागद काळा होत गेला... गल्ली गेली. दार आलं. त्याच्याच घराचं. उघडं."

ललित पुढच्या खोलीत धावला.

कडी निघालेली. मोहिनी गाढ झोपेत. पाळणा हलत होता. पोरगी जागी... रडत नव्हती. खाली बघत होती.

खाली कुणी नव्हतं.

पण तिचं झबलं ताणलेलं. खालून. ललितनं पोरीला धरलं. ओढलं. पलीकडून सोडेना...

मग सोडलं.

पुढचं नानांनी थोडक्यात सांगितलं. ललित त्याच रात्री बायकोपोरीला घेऊन धुळ्याला गेला. पोरगी ठणठणीत आहे, शाळेत जाते. झबल्यावर त्या दिवशी काहीच नव्हतं. केळीचा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसत नाही. दोन दिवसांनी उमटतो आणि उमटला की मरेपर्यंत जात नाही. पाठीवर पंजा उमटला. त्या तान्ह्या पोरीच्या हाताहूनही लहान.

"झबलं कोणत्या रंगाचं होतं?" मी विचारलं.

"पिवळं. का गं?"

मी मोबाईलची बॅटरी लावली. बाळाला उलटं केलं. इतका लहान पंजा, मला इतके दिवस तो हात वाटलाच नव्हता.

झबलं काढताना पोटावर बोटांना काहीतरी चिकट लागलं. पाण्यासारखं.

झबलं मी दांडीवर टाकलं आणि दोन दिवस तिकडे पाहिलं नाही.

आज पाहिलं. पोटावर दुसरा पंजा उमटलाय. हा पहिल्यापेक्षा मोठा आहे. माझ्या बाळाच्या हाताएवढा.