वीतभर ऐकणारा माईक

माझं शिक्षण नववीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागतो. जसं ऐकलं तसं लिहितो आहे.

मी राळेगावात मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये काम करतो. मला गायला आवडतं, पण चार माणसांसमोर तोंड उघडत नाही. म्हणून घरीच गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं आणि माईक शोधायला लागलो. मोबाईलवर एक जण सांगतो हाच घ्या, दुसरा सांगतो तो नुसता डबा आहे. शेवटी परवडणाऱ्यातला एक कंडेन्सर माईक मागवला. त्यात माझा आवाज सोडून सगळं आलं. शेजारची शिलाई मशीन, कोंबड्या, एसटीचा हॉर्न. तो परत केला, दुसरा मागवला. त्यातही तेच आलं, फक्त जास्त स्वच्छ. डोकं भणाणून गेलं. गाणं राहिलं बाजूलाच.

परवा दुकानं बंद व्हायच्या वेळी मी आणि माझा मित्र शहजाद, असे दोघं अब्दुल गनी चाचांकडे गेलो. चाचा भोंगे आणि स्पीकर दुरुस्त करतात, कार्यक्रमांना माईक भाड्यानं देतात. त्यांनी माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं.

"कंडेन्सर कायले घेतला बेटा? तो पुऱ्या गल्लीचं ऐकते. त्याले बंद खोली पाह्यजे. तुह्या खोलीले दरवाजा तरी हाय का?"

"पडदा हाय," शहजाद म्हणाला. "तोबी फाटका."

"मंग मामला खतम." चाचांनी खणातून जाळी चेपलेला एक स्टेजचा माईक काढला. "हा बहिरा हाय. वीतभर दूरचं याले ऐकूच येत नाही. तोंडाले लावून गा, मांगं बँड वाजला तरी फिकर नाही."

मी हात पुढे केला. चाचांनी माईक दिला नाही.

"हा आधी एका घरी गेलता. ते ऐक, मंग ने. मी त्या माणसाले चांगला वळखतो. पंजाबराव. गावाचं नाव सांगत नाही, त्याची पोरगी अजून तिथं येते-जाते. तिनंच मले सांगितलं."

त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसले. पुढचं त्यांनी सांगितलेलं आहे, शब्द माझे.

पंजाबराव खंजिरी भजनाच्या मंडळात पुढे बसून गायचे. त्यांच्या मागे, उजव्या खांद्यापाशी, फकिरा बसायचा. झील धरायला. पंजाबरावांनी ओळ म्हणायची आणि थांबायचं, ओळीचं शेपूट फकिरानं उचलायचं. जन्मभर असंच चाललं. पोळ्याच्या सुमारास फकिरा तापानं गेला. दिवाळीआधी पंजाबरावांच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, जीव वाचेल, पण ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही.

त्यांची मुलगी नलू. तिच्या बारशाला पंजाबरावांनी स्वतः एक गाणं जुळवलं होतं. चार कडव्यांचं. ते बाबांच्या आवाजात राहावं, एवढंच नलूला हवं होतं. त्यासाठी ती माहेरी येऊन धडपडत होती. नुसत्या मोबाईलवर घेतलं तर शेतातले मोटारपंप आले. कॉलरला लावायचा माईक आणला तर वारा आला. कंडेन्सर मागवला तर सगळं गाव आलं. बाबा दर वेळी गाणं पूर्ण म्हणायचे, मग रुमालात थुंकायचे, रुमाल लाल व्हायचा. आणि ऐकायला बसावं तर म्हशीचं हंबरणं. दोघं एकमेकांवर चिडायचे.

"आधी मशीन पाह्य, मंग मले गायले लाव."

"मी काय म्हशीले गप करू का बाबा?"

एकवीस नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं नागपूरला निघायचं होतं. म्हणजे हातात एकच रात्र. दुपारी नलू चाचांकडे आली. चाचांनी हाच माईक दिला, मोबाईलला जोडायची डबी दिली आणि विचारलं, "घरी कापूस हाय का?"

होता. वेचून आणलेला, भाव चढेल म्हणून ठेवलेला. आतल्या खोलीत आढ्याला टेकला होता.

"त्याच्यात बसव त्याईले. कापूस आवाज पिऊन टाकते. अशी खोली स्टुडिओवाल्याकडंबी नसते."

रात्री साडेदहाला नलूनं दारापाशी थोडा कापूस सरकवून जागा केली. बाबा पाटावर बसले, पाठ ढिगाकडे. नलू समोर, बंद दाराला टेकून, कानांवर हेडफोन. खोलीला दुसरं दार नाही. खिडकी कापसामागे बुजलेली.

बाबांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले.

"बाबा, थांबू नका. मांगं कोनी नाही आता."

"माहीत हाय मले."

पुन्हा म्हटली. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदाही तेच. बाबांनी माईक मांडीवर आपटला.

"जिनगीभराची सवय हाय. एका रात्री कशी जाईन?"

नलूला रडू येत होतं. घसा आता एकदाच गाऊ शकेल, जास्त नाही, हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "बरं, थांबा तुमी. रिकामी जागा मी मंग कापून टाकीन."

पहिलं कडवं झालं. पंप नाही, कुत्री नाही, म्हैस नाही. फक्त बाबा, आणि ओळीनंतरची रिकामी जागा. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नलूच्या कपाळावरची आठी गेली.

दुसरं कडवं. ओळ संपली. बाबा थांबले.

हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

नलूनं बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

पुढची ओळ. बाबा थांबले आणि... झील आली. हळू. खालच्या पट्टीत. बरोबर जागेवर.

तिनं एक कान उघडा केला. खोलीत काही नव्हतं. फक्त कापूस. हेडफोन पुन्हा दाबला.

झील होती.

वीतभर दूरचं याला ऐकू येत नाही... चाचांनीच सांगितलं होतं.

थांबवावं तर गाणं पुन्हा होणार नव्हतं. उद्या आवाजच नव्हता. नलूनं थांबवलं नाही.

तिसरं कडवं. अर्ध्यातच दोन आवाज एक झाले. बाबा थांबायचे विसरले.

चौथं.

बाबांचे ओठ हलत होते. गळ्याची शीर फुगली होती. उघड्या कानाला बाबा ऐकू येत होते.

हेडफोनमध्ये बाबा नव्हते.

फक्त तो...

शेवटची ओळ संपली. बाबांनी माईक खाली ठेवला.

"आलं का?" त्यांच्या आवाजात नुसती हवा उरली होती. "बरोबर आलं का, नले?"

नलूनं हेडफोन उतरवला. बाबा वाट पाहत होते.

"आलं बाबा."

ते हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि झोपायला गेले.

चाचा इथे थांबले. मग शहजादनं विचारलं, "म्हंजे बापाचा आवाज हायच नाही त्याच्यात?"

"दोन कडवे हाय. तिसरं अर्धं."

"अन् बाकीचा फकिराचा?"

"मी ऐकलं ते. पन फकिराले एकट्याले गाताना मी कधी ऐकलंच नव्हतं. तो नेहमी मांगंच असे. कसं सांगू?"

"पंजाबराव?"

"जिता हाय. पाटीवर लिहून बोलते. त्यानं ते गानं मागितलं नाही, अन् नलूनं ऐकवलं नाही."

चाचांनी माईकची वायर हळूहळू गुंडाळली. म्हणाले, त्या रात्री बाबा झोपायला गेल्यावर नलू माईक उचलायला वाकली. मोबाईलची बॅटरी लावली. बाबांच्या पाटामागे, उजवीकडे, ढिगाच्या आत, एक खळगा होता. माणूस मांडी घालून बसतो तेवढा. तिनं हात घातला, कोपरापर्यंत गेला.

"कापसात पाय ठेवला का खड्डा पडते," चाचा म्हणाले. "तिथपर्यंत जायाले एकबी खड्डा नव्हता. चारी बाजूनं कापूस... जसाच्या तसा."

त्यांनी माईक माझ्या हातात ठेवला. "भाडं नको. गाऊन पाह्य."

सकाळी आई कामावर गेल्यावर मी माईक जोडला. खोलीच्या मध्ये उभं राहवेना, म्हणून पाठ भिंतीला घट्ट टेकवली. मग गाणं सुरू केलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात म्हटलं. धाप लागली. दोन ठिकाणी सूर गेला. पण ओळीनंतर मी कुठेही थांबलो नाही.