जोडावरचा घाव

ते १९७८ साल होतं. आमच्या वस्तीमागच्या बंद गोदामात गरीब मुलांना फुकट वेल्डिंग शिकवायचा वर्ग निघाला होता. चौकशी करायला मी दारात उभी राहिले, तोच कुणीतरी ओरडलं, "डोळे मीट!" आणि एक काळाकुट्ट तळहात माझ्या डोळ्यांवर आला.

"ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं."

"मग काय तुझ्याकडे बघू?"

"बघ की… माझ्याने अपाय होत नाही."

हा वर्गातलाच एक पोरगा. केसांमुळे सगळे त्याला झिपऱ्या म्हणत.

वर्गात मुलगी मी एकटीच. आई लोकांची धुणीभांडी करायची. तिने बजावलं होतं, "पास झालीस तर ठीक. नाहीतर मुकाट्याने माझ्याबरोबर भांड्यांना यायचं." मला खात्री होती, मी भांड्यांना जाणार नाही. माझा हात जन्मजात स्थिर होता.

डोळ्यांपुढे धरायच्या काळ्या काचा कमी, म्हणून दोघांत एक. एकाने लोखंड जोडायचं, दुसऱ्याने पाठ करून उभं राहायचं. माझा जोडीदार झिपऱ्या. आमचं निम्मं प्रेम असं पाठमोरंच जमलं.

"आज गप्प का?"

"काम करतेय."

"मी काय म्हणतो…"

"काच माझ्याकडे आहे. तू फक्त भिंतीकडे बघ!"

परीक्षेला गेट बनवणाऱ्या कारखान्याचे मालक आले. पास होईल त्याला तिथे नोकरी. वर्ग घेणाऱ्या मास्तरांची रीत अशी, की तुमचा जोड शिकंज्यात आवळायचा आणि तुमच्याच जोडीदाराने त्यावर हातोडा घालायचा. पट्टी वाकली तर चालेल, जोड उघडता कामा नये.

आधी झिपऱ्याची पाळी. मी मागचापुढचा विचार न करता घाव घातला… आणि जोड उकलला. झिपऱ्या नापास.

मग माझी पट्टी. "आता काढ उट्टं!" पोरं ओरडली. झिपऱ्याने हातोडा उचलला आणि अलगद टेकवला. पुन्हा तसाच.

"माशी हाकलतोयस का रे?" मास्तर गरजले.

मी जवळ गेले. "काय चाललंय तुझं?"

"तुटला तर? तुला भांड्यांना…"

"तुला वाटतं तुटेल?"

त्याने वाकून जोड न्याहाळला.

"पोरीला सूट दिली म्हणतील. जीव खाऊन मार!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, दातओठ खाल्ले आणि मारलं. पट्टी पार वाकली. जोड हलला नाही. मालकांनी तो बोटाने चाचपला आणि म्हणाले, "सोमवारपासून या, बाई."

बाहेर झिपऱ्या म्हणाला, "मला विचारायचं होतं… पण आता नापास माणसाने काय…"

"विचार तर."

त्याने तोंड उघडलं, मिटलं… पुन्हा उघडलं.

"हो," मी म्हणाले.

मास्तरांनी म्हातारपणापर्यंत वर्ग चालवला. पुढच्या परीक्षेत पास होऊन झिपऱ्याने स्वतःचं दुकान टाकलं आणि वस्तीतल्या कितीतरी पोरांना हाताशी धरलं. मी त्याच कारखान्यातून मुकादम म्हणून निवृत्त झाले. आईने भांडी सोडली आणि शेवटपर्यंत सांगत राहिली, की मला वर्गात तिनेच धाडलं. झिपऱ्याला आज विचाराल, तर मागणी त्यानेच घातली होती.

म्हणू दे.