पाखराचा वाटा

“मागे हो. आमच्या तोंडचा घास तुझ्या मामाने जाळला, आणि पाणी तुलाच पहिलं हवं?”

मुएमाकाकूने हापशाखालची अतीजाची बादली पायाने सरकवली. रांगेतली एकही बाई मध्ये पडली नाही. परवापर्यंत हीच काकू, मामाने मध आणला की वाटी घेऊन सगळ्यांच्या आधी दारात उभी असायची. अतीजा बारा वर्षांची होती, आणि तिची जीभ तिच्याहून चार वर्षांनी मोठी आहे असं आई म्हणायची. आज मात्र तिने ती दाताखाली धरली आणि रिकामी बादली घेऊन घर गाठलं. शाळेला ऑगस्टची सुट्टी होती, म्हणून वर्गातले टोमणे तरी वाचले होते.

परवा दुपारी नदीकाठचं गवत पेटलं. राखीव जंगलाचा मोठा तुकडा जळून गेला, हत्ती पलीकडे निघून गेले. या जंगलाचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिथल्या पर्यटक कॅम्पचा व्यवस्थापक बाल्ताझार नेमकं तेच विकायचा. नावाजलेल्या जंगलात एका सिंहाभोवती वीस गाड्या असतात. इथे सिंह दिसेल, दुसरी गाडी दिसणार नाही, असं तो पाहुण्यांना सांगे. आता तो गावाला सांगत होता की आग मध काढताना राजाबूमामाने दिलेल्या धुरीने लागली. उद्या वनअधिकारी सेलेस्तिनाबाई येणार होत्या. गुन्हा मामावर ठरला, तर गावातल्या अकराही मध काढणाऱ्यांचे परवाने जाणार होते.

“मामा, आग जिथून लागली त्या झाडापाशी तुम्ही नव्हतातच. मग सांगत का नाही?”

“वरच्या टेकडीवर होतो,” मामा कुऱ्हाडीला दांडा बसवत म्हणाला. “पण साक्षीदार एकच आहे, आणि त्याला कुणी खुर्ची देत नाही.”

साक्षीदार म्हणजे मधाचं पाखरू. मामाने ‘ब्र्र्र्र-हम्’ अशी हाक दिली की ते येई, कलकलत झाडाझाडाने पुढे जाई आणि पोळं दाखवी. मध माणसाचा, मेण पाखराचं. हिरव्या पानांवर मेण ठेवल्याशिवाय मामा बोटसुद्धा चाटत नसे.

अतीजाने मावसभाऊ इसूफोला उठवलं. त्याची सात वर्षांची बहीण झैनाबू न सांगताच मागे लागली.

“जळकं झाड बघून काय मिळणार, राख?” इसूफो कुरकुरला.

“तू घरी बस. काकूच्या मांडीवर.”

इसूफो आला. झाडाच्या खोडावर कुऱ्हाडीचे वेडेवाकडे घाव होते आणि पोळं उचकटून नेलेलं होतं. मुळाशी दोन दगडांच्या फटीत अर्धवट जळालेली चिंधी अडकली होती. झैनाबूने ती हुंगली आणि नाक मुरडलं. “रॉकेल.”

“मामा ओल्या पाल्याची पेंढी पेटवतो,” अतीजा म्हणाली. “रॉकेलच्या धुराने मध नासतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.”

“आपल्या गावातल्या शेंबड्या पोराला,” इसूफो म्हणाला.

तेवढ्यात डोक्यावर कलकलाट झाला. पाखरू काळ्या फांदीवर येऊन बसलं होतं, आणि त्याचा सूर नेहमीचा नव्हता. ते उडालं, थांबलं, मागे वळून ओरडलं.

“नको जाऊस,” इसूफोचा आवाज बारीक झाला. “ज्याचा वाटा बुडाला ते पाखरू पुढच्या वेळी सिंहाच्या दारात नेतं.”

“वाटा आपण बुडवला का? नाही ना? मग चल.”

पाखरू त्यांना दाट झाडीकडे नेईना. ते सरळ कॅम्पकडे गेलं आणि स्वयंपाकघरामागच्या कोठाराच्या पत्र्यावर बसून ओरडत राहिलं. दाराला कुलूप होतं. झैनाबूने फटीला नाक लावलं. “इथेपण रॉकेल. आणि मध.”

“कोण आहे रे तिकडे?” कॅम्पचा ड्रायव्हर तोमास धावत आला. भर दुपारी त्याने मफलरने सगळं डोकं गुंडाळलं होतं, फक्त एक डोळा बाहेर होता. त्याने इसूफोचा कान धरला.

“तुम्हाला काय झालं, तोमासकाका?” अतीजाने विचारलं.

“दाढ दुखतेय.”

“दाढ कपाळात असते?” झैनाबू म्हणाली.

आवाज ऐकून बाल्ताझार बाहेर आला. “वा. मामाने जाळलं, आता भाचरं लुटायला आली. उद्या बाईंना हेही सांगतो. पुन्हा दिसलात तर कुत्री सोडीन.”

“सिंहाचं दार म्हटलं होतं ना मी?” परतताना इसूफो कान चोळत पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पच्या अंगणात सगळं गाव जमलं. कुणी मामाशेजारी बसलं नाही, म्हणून तिघं मुलं त्याच्या दोन्ही बाजूंना बसली. बाल्ताझार अर्धा तास बोलला. सेलेस्तिनाबाई लिहून घेत होत्या. त्या नदीपलीकडच्याच होत्या, पण चेहरा दयामाया जीपमध्येच ठेवून आल्यासारखा.

अतीजा उभी राहिली. आज तिने जीभ दाताखाली धरली नाही. “साहेब, तुमच्या कॅम्पात रानातला मध असतो का?”

“छे. आमचा मध शहरातून बाटलीबंद येतो. तुमच्या त्या चिखलाला इथे कोण हात लावतं?”

“बाईसाहेब, हे लिहून घ्या,” अतीजा म्हणाली आणि मामाकडे वळली. “मामा, हाक द्या.”

मामाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग हाक दिली. गावकऱ्यांत कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा दिली, तेव्हा पाखरू आलं. ते कुणाकडे न बघता कोठाराच्या पत्र्यावर बसलं आणि कालच्यासारखंच भांडू लागलं.

सेलेस्तिनाबाईंनी लेखणी खाली ठेवली. “माझे आजोबा मध काढायचे,” त्या म्हणाल्या. “हे पाखरू रिकाम्या घरावर ओरडत नाही. किल्ली द्या.”

“किल्ली हरवली आहे,” बाल्ताझार म्हणाला.

“मग कुलूप तोडा.”

आत तीन बादल्या भरून पोळ्याचे तुकडे होते, रॉकेलचा भपका मारणारे. अतीजाने झाडापाशी सापडलेली चिंधी बाईंच्या हातात दिली. तोमासने आपण होऊन मफलर सोडला. त्याचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं.

“साहेब म्हणाले, राजाबूला कशाला बोलवायचं, त्याची हाक मी फोनमध्ये भरून घेतली आहे,” तो म्हणाला. “पाहुण्यांना आपणच मध काढून दाखवू, त्याआधी एकदा करून बघ. पोळं काढून गाडीत टाकेपर्यंत माशा अशा तुटून पडल्या की मी रॉकेलचा पेटता पलिता तिथेच गवतात टाकून पळालो.”

बाईंनी बाल्ताझारला आपल्या जीपमध्ये बसवलं. निघताना त्या अतीजापाशी थांबल्या. “अकरा परवाने तू वाचवलेस. मोठी झालीस की माझ्याकडे ये, असं डोकं खात्यात कमी आहे.” मामाने नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि अतीजाला दोन दिवसांचं रडू एकदम आलं.

बादल्यांमधलं मेण मामाने हुंगलं आणि परत टाकलं. “असलं त्याला देऊ नये.” त्याच दुपारी तो तिघांना घेऊन टेकडीवर गेला. पोळं उतरवल्यावर सगळ्यात मोठा, स्वच्छ तुकडा त्याने हिरव्या पानांवर ठेवला.

“सगळ्यात मोठा?” झैनाबूने विचारलं.

“साक्ष कुणी दिली?” मामा म्हणाला.

संध्याकाळी मुएमाकाकू वाटी घेऊन सगळ्यांच्या आधी दारात आली. अतीजाने तिची वाटी काठोकाठ भरली, पण सगळ्यांच्या शेवटी.