जास्वंदीच्या मुळावर कोण उठलं?

काकू आल्या त्या चपला न काढताच. हातातल्या पिशवीतली वाळकी पानं त्यांनी चौकसबाईंच्या टेबलावर ओतली.

"खून झालाय."

चौकसबाईंचे जावई खुर्चीतून ताडकन उठले. "कुणाचा?"

"माझ्या जास्वंदीचा. आणि केलाय सुनेनं."

जावई परत बसले. चौकसबाई मात्र पान उलटंसुलटं करून बघत राहिल्या. खाजगी चौकशीची पाटी लावून त्यांना बरीच वर्षं झाली होती. जावयाला मदतीला घेतलं होतं ते नाइलाजानं. मुलगी दिलीच आहे, तर माणूस कामाला तरी लावावा.

काकूंची जास्वंद म्हणजे बोटाएवढ्या फांदीपासून दारापेक्षा उंच वाढवलेली, दुपदरी शेंदरी फुलांची. उन्हाची जागा, विटांचं आळं, दरवर्षीची छाटणी, कशात म्हणून चूक नाही. आपल्यापेक्षा तिचेच लाड जास्त झाले असं मुलगा म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

"पानं जरा पिवळी पडत होती," काकू म्हणाल्या. "मी आठवडाभर बहिणीकडे गेले, आज सकाळी परत येते तर हे! शेजारच्या शिंप्यानं डोळ्यांनी पाहिलंय, सून मुळाशी बादल्या ओतत होती. मी घरात असताना तिनं थेंब घातला नाही कधी. वर म्हणते, साधं पाणी होतं. मुलगा म्हणतो, पुरावा दाखव, आजच वेगळं बिऱ्हाड करतो. मला पुरावा द्या."

"मिळेल तो देईन. तुम्हाला हवा तोच मिळेल असं नाही."

काकूंच्या अंगणात झाड उभं होतं, पण पानांच्या कडा विस्तवाला लागल्यासारख्या करपल्या होत्या. आळ्यातल्या मातीवर पांढुरकी साय धरली होती. खोडापासून वीतभर लांब, बांगडीसारखी गोल, सगळीकडे सारखी. माती वरवर खुरप्यानं हलवलेली. चौकसबाईंनी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

"आई! विष असलं तर?"

"तर तुमची सुटका होईल, जावईबापू."

तोंड वाकडं करून त्यांनी पाणी मागितलं. मग नखानं खोड खरवडलं. सालीखाली हिरवं होतं.

शिंपी कुंपणाशी उभाच होता, कुणी विचारतंय का याची वाट बघत. त्याच्या भिंतीला ताजा चुना दिलेला. जावयांनी भिंतीकडे बघून सूचक खाकरलं.

"पाला माझ्या अंगणात पडतो म्हणून भांडलो, हो," शिंपी म्हणाला. "पण झाडाला हात लावला नाही. सुनेला रोज बादलीवर बादली ओतताना पाहिलं, ते सांगितलं."

"वाफ दिसली?"

"वाफ? नाही बुवा."

कोपऱ्यावरचा रोपवाला घाईत होता. "पिवळ्या पानांवर उपाय मीच सांगितला, फोनवर. एप्सम मीठ, म्हणजे झाडांना खत म्हणून देतात ते, चमचाभर, बादलीत विरघळवून. तीनदा ओरडलो, तेव्हा कुठे 'कळलं, कळलं' म्हणून फोन ठेवला. पण न्यायला कुणी आलंच नाही."

काकूंच्या घरी परतल्यावर जावयांनी पडवीत बसलेल्या काकांना गाठलं. "काका, झाड कशानं वाळलं?"

"गाळलं? चहा ती गाळते. मला नाही जमत."

जावयांनी नाद सोडला.

काकूंनी दोघांना काकांबरोबर जेवायला बसवलं. जावई पहिल्याच घासाला थबकले.

"अळणी!" काकू कडाडल्या. "डबा भरून गेले होते मी. मीठ गेलं कुठे?"

"संपलं," सून म्हणाली. "पुडाही संपला."

"मग आणायला काय झालं?"

काकांनी मुकाट्यानं दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

हात धुताना चौकसबाईंनी सुनेला गाठलं. "पाणी कशाला घातलंस ग?"

"साधंच होतं."

"कसलं ते नाही विचारलं. कशाला, ते विचारलं."

सून आत निघून गेली.

मुलगा कामावरून आला तसं चौकसबाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. जावयांना राहवेना. "शिंप्यानं चुना टाकला!"

"चुना असता तर जीभ भाजली असती. ही साय खारट लागली. ते मीठ आहे, स्वयंपाकाचं."

"मग सुनेनंच ओतलं!" काकू म्हणाल्या.

"वैरी बुंध्याशी ढीग ओततो आणि पळतो. इथं वीतभर अंतर राखलंय, सारखं पसरलंय, वर खुरपं फिरवलंय. खत असंच घालतात, काकू. कुणाला तरी हे झाड जगवायचं होतं. सुनेच्या बादलीतून वाफ आली नाही, खोडाची साल सुटली नाही, म्हणजे पाणी उकळतं नव्हतं, साधंच होतं. रोज ओतून ती मीठ खाली धुऊन काढत होती. पुन्हा कुणी घालू नये म्हणून घरात मीठ आणणंच तिनं बंद केलं."

"कुणी म्हणजे कुणी?"

"ज्याला रोपवाल्यानं तीनदा ओरडून सांगितलं, आणि तरी त्यातलं फक्त 'मीठ' ऐकू गेलं. आणि अळणी भाजी ज्यानं तक्रार न करता दोनदा खाल्ली."

सगळ्या माना पडवीकडे वळल्या. काकांना ऐकू काही आलं नव्हतं, पण माना दिसल्या. ते काठी टेकत आले.

"चमचाभर म्हणाला तो," काका म्हणाले. "म्हटलं, एवढ्या झाडाला चमच्यानं काय होतंय? डबाच घातला. गुण येईना, मग पुडा घातला." ते काकूंकडे वळले. "तू म्हणतेस ना, या घरात माझ्या झाडाकडे कुणी बघत नाही. म्हटलं, तू यायच्या आत पानं हिरवी करून ठेवावी."

"तू मला तरी सांगायचंस!" मुलगा बायकोला म्हणाला.

"बाबांना काही सांगायचं तर ओरडावं लागतं. अख्ख्या गल्लीला कळलं असतं, मग आईंना. त्यापेक्षा म्हटलं, झाड सावरेपर्यंत बोलणी मी खाते."

"खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हे," चौकसबाई म्हणाल्या. "आता सांगा, काकू, बिऱ्हाड कुणाचं हलवायचं?"

काकूंनी तोंड उघडलं. त्या तोंडाला गल्ली भीत असे. शिंप्यानं तर कुंपणाला कान लावला. पण ते तोंड तसंच मिटलं.

"खोड हिरवं आहे म्हणालात?"

"हिरवं आहे. करपलेलं छाटा, भरपूर पाणी द्या."

काकूंनी पदर खोचला. "बादली आण ग," त्या सुनेला म्हणाल्या. "दोन आण. एक मला."

नळाकडे जाता जाता काकांच्या जवळून त्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू पुटपुटल्या, "वेडं माणूस."

"ऐकलं मी," काका म्हणाले.