चौदा रात्री

समुद्रकाठच्या ब्लॅकपूलच्या त्या बोर्डिंग हाऊसच्या दारात शनिवारी सकाळी दोन गावांची टक्कर व्हायची. एका गावच्या गिरण्यांची सुट्टी संपायची, दुसऱ्या गावची सुरू. क्लिफची बॅग बाहेर निघाली, हिल्डाची आत शिरली... आणि दोघं बोळात अडकली.

बाहेर भुरभुर, आत कालवा. पण दोघंही विणकर. मागांच्या खडखडाटात ओठ वाचून बोलणारी. त्याने नुसते ओठ हलवले, "खोली कुठली?"

"समुद्राकडची."

"माझीच की! गादी अजून गरम असेल."

"निर्लज्ज!" ती ओठांनीच म्हणाली... आणि आईचा डोळा चुकवून त्याला स्टेशनवर पोचवायला गेली, एका छत्रीतून.

"घरी परत कधी?"

"फोर्टनाइटने. चौदा रात्री. दिवस आम्ही धरतच नाही."

"रात्रीच तर लांब असतात गं..." त्याने छत्री तिच्याकडे कलती केली. "एक विचारायचंय. तोंडाने जमत नाही. पत्र लिहू?"

"लिही. पण घरी धाड, पत्ता देते. तिथे टपाल मीच उचलते; इथे आई माझ्याआधी फोडेल."

चौदा रात्री हिल्डाने बोटांवर मोजल्या. शेवटच्या शनिवारी सकाळच्या परतीच्या गाडीत ती बसलीच नाही. मनात पक्कं — पत्र कसलं, आज तो स्वतःच येणार, जिथे निरोप घेतला तिथेच! आई करवादली, "पाय धरलेत का फलाटाने?" तरी पोरगी मान ताठ करून उभी. गाड्या आल्या, गेल्या. चार वाजले, तेव्हा कुठे आईने दंड धरून डब्यात बसवलं.

घराचं दार उघडलं, तर पायाशी पत्र.

"शनिवारी अकराला तू घरी पोचशील. एकच्या गाडीने मी लिव्हरपूलला जातोय, तिथून कॅनडाचं जहाज. तुमच्या स्टेशनवर उभा असेन. 'थांब' म्हणालीस, तर जहाज गेलं खड्ड्यात. आली नाहीस, तर समजेन. क्लिफ."

शेजारची नेली काकू कुंपणावरून म्हणाली, "हिल्डे, कोण गं तो उंचेला? स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येकाला तुझं नाव घेऊन विचारत होता. एकची सोडलीन, दोनची सोडलीन... तिसऱ्या गाडीत चढला तो पाठमोराच."

हिल्डा उंबऱ्यावर मटकन बसली.

"ऊठ पोरी," आई दबक्या आवाजात म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे," हिल्डा म्हणाली. "तिकडे फलाटावर अख्ख्या ब्लॅकपूलने बघितलंय मला... त्याची वाट बघताना."