काठावर थांबलेला खेळाडू

दोन वाटा फुटतात तिथे आल्यावर माणसाचा अंगठा कंट्रोलरच्या दांडीवरून साधारण दोन मिलिमीटर वर येतो. पूर्ण सुटत नाही, नुसता हलका होतो. बहुतेकांचा सात-आठ सेकंदांत परत टेकतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओत माझं कामच ते होतं – खेळून बघायला आलेल्या लोकांच्या मागे बसायचं आणि ते कुठे थांबतात, कुठे चुकतात, कुठे जांभई देतात ते टिपायचं. भौतिकशास्त्र शिकून हे काय करतेस, असं मावशी विचारायची. मोजतेच आहे की, मी म्हणायचे, फक्त वस्तू बदलली.

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी एक अंगठा एकेचाळीस सेकंद तसाच राहिला.

अंगठ्याचा मालक दुपारी आत आला होता. स्वेटरचं कोपर विरलेलं, केस वाऱ्यानं विस्कटलेले. तो सरळ खेळाडूच्या खुर्चीत बसला. मी नेहमीच्या सूचना वाचून दाखवल्या.

"यात चूक-बरोबर काही नाही. तुम्ही अडलात तरी मी मदत करणार नाही. मी बोलणार नाही."

"कधीच?"

"खेळ संपेपर्यंत."

"कठीण आहे," तो म्हणाला, आणि खेळायला लागला.

तासाभरानं मी शेरा लिहिला – 'गोष्टीत रमतात, पण वाटा फुटतात तिथे फार रेंगाळले. पुढे काय व्हायचं ते बहुधा लेखकालाच ठरवता आलेलं नाही, असं खेळाडूला जाणवत असावं.' मागून सावली पडली. तो वाचत होता.

"'बहुधा' काढा," तो म्हणाला. "खरंच ठरवता आलेलं नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच लिहिलंय. आज खेळायला येणारे आले नाहीत, म्हणून मी बसलो."

माझे कान तापले. "मग आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही म्हणालात बोलायचं नाही... मला वाटलं, दोघांनाही लागू आहे."

स्टुडिओत त्याला सगळे गोष्टीवाला म्हणत. आठवड्याभरात मला मोजपट्टी म्हणायला लागले. हे बारसं कुणी केलं, ते विचारायची गरज नव्हती.

आमच्या गेममध्ये एक बाप होता आणि एक मुलगी. मुलीला तळ्यापलीकडच्या गावी वैद्यकी शिकायला पोचवायचं. खेळाडू म्हणजे तो बाप. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण पुढचं होतं. गेमचे दोन नमुने तयार केलेले होते. पहिला लिनिअर, एका सरळ वाटेचा: सकाळ होते, न्याहारी होते, चौथ्या मिनिटाला बापलेक होडीत, आणि मग प्रसंगामागून प्रसंग. दुसरा ओपन-वर्ल्ड: गाव, टेकड्या, गिरणी, तळं, सगळं पहिल्यापासून मोकळं. हवं तिथे भटका, हवं ते करा. आपण काठावर उभं राहून मुलीला हाक मारली, की होडी सुटणार. गोष्टीवाला सरळ वाटेच्या बाजूचा होता. मी मोकळ्या जगाच्या.

भांडायला आमच्याकडे रोजची वीस मिनिटं असत, स्टुडिओच्या दारापासून बसथांब्यापर्यंत. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता आणि छत्री एकच होती, त्याची.

"गोष्ट म्हणजे कुणीतरी आपला हात धरून नेणं," तो म्हणाला.

"हात धरला की हात अडकतो."

"धरून बघितलाय कधी?"

मी छत्रीच्या काड्या मोजल्या. आठ होत्या.

"तुमच्या मोकळ्या जगात एक खोट आहे," तो पुढे म्हणाला. "मुलगी तापानं फणफणलीय, औषध आण, धाव, असं खेळाडूला सांगायचं. आणि तो तीन दिवस डोंगरावर फुलं वेचत हिंडणार. परत येतो तर मुलगी तिथेच, तितक्याच तापात. जिथे उशीर होतच नाही तिथे कुणाची काळजी कशी वाटणार?"

"आणि तुमच्या वाटेवर त्याला काळजी वाटते, कारण तुम्ही त्याला दुसरं काही करूच देत नाही. मग ती काळजी त्याची, की तुमची?"

 बस आली, गेली. आम्ही दोघंही चढलो नाही.

"हे लिहून ठेवतो," तो म्हणाला.

"खाली माझं नाव घाला."

"घालतो. आणि मोजपट्टी... मला अहोजाहो नका करू. वय वाढल्यासारखं वाटतं."

"मग तूही नको करूस," मी म्हणाले. जिभेवर तो 'तू' जरा वेळ तसाच राहिला, गरम चहासारखा.

आठ महिन्यांनी, कॉफीचं यंत्र घरघरत असताना, त्यानं विचारलं, "लग्न करू या आपण?" यंत्राच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल, असं वाटून त्यानं पुन्हा विचारलं. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा ऐकायचं होतं, एवढंच.

"करू या," मी म्हणाले. "बाबांना सांगते."

"कधी?"

"सांगते."

त्याला सहा महिने झाले.

आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, घरात आम्ही दोघंच. बाबा जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले; आयुष्यभर साखळ्या टाकल्या, नकाशे काढले. मी संध्याकाळी जिना चढताना वाक्य तयार करायचे. चौथ्या मजल्यापर्यंत ते अगदी नीट असायचं. बाबा दार उघडायचे. ओट्यावर दोन कप असायचे, माझ्या कपावर बशी झाकलेली, निवू नये म्हणून. ते वाक्य मग मी चहाबरोबर गिळायचे. मी गेले की एक कप उरेल, याच्यापुढे माझा हिशेब जातच नसे.

गोष्टीवाल्यानं कधी तगादा लावला नाही. म्हणून त्या शुक्रवारी तो बोलला, तेव्हा मी दचकले.

"दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओनं बोलावलंय. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचंय," तो म्हणाला. "थांबायला कारण असेल तर मी थांबतो."

"ही धमकी आहे?"

"तारीख आहे." तो जरा हसला, मग हसू आवरलं. "मी वाट बघून कंटाळलो नाही गं. पण मी कशाची वाट बघतोय, तेवढं तरी मला कळू दे. हो असेल तर हो. नाही असेल तर... तेही ऐकून घेईन."

 आमच्या दिग्दर्शक बाईंनी त्याच दिवशी फर्मान काढलं होतं: साठीच्या पुढचे, जन्मात गेम न खेळलेले लोक हवेत. मी बाबांचं नाव दिलं. तेवढंच त्यांचं बाहेर पडणं होईल, असा विचार होता. नात्यातल्या माणसानं निरीक्षणाला बसायचं नाही, असा नियम, म्हणून बाबांच्या मागची खुर्ची गोष्टीवाल्याकडे आली.

"म्हणजे तुझ्या बाबांच्या मागे सहा दिवस तोंड शिवून बसायचं," तो म्हणाला. "सासऱ्यांची पहिली ओळख, आणि तीही पाठीशी."

"अजून सासरे नाहीत."

"तेच तर म्हणतोय."

सोमवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. पहिला तास त्यांनी सरळ वाटेचा नमुना खेळला, पुढचे सगळे दिवस मोकळ्या जगात काढले. मी बाहेर बसून नोंदी बघायचे. मंगळवारपर्यंत बाकीचे सगळे खेळाडू तळ्यापार गेले होते. बाबांची गोष्ट जागची हलली नव्हती. त्यांनी मासे धरले. विधवा शेजारणीचं छप्पर शाकारलं. कुत्रा पाळला. आणि रोज सेशन संपत आलं, की काठावर जाऊन नुसते उभे राहिले. माझ्या पडद्यावर खेळाडू जिथे थांबेल तिथे लाल ठिपका उमटायचा. गुरुवारी तळ्याचा काठ लालभडक झाला होता.

"बघ," मी गोष्टीवाल्याला दाखवलं. "हे माझं उत्तर."

"हा आलेख आहे."

"त्यांना मुलीला पाठवायचंच नाहीये. इतके दिवस काठापर्यंत जातात आणि हाक मारत नाहीत. आणखी किती स्पष्ट हवं?"

"त्यांना विचारलंस?"

"आकडे इतके..."

"मोजपट्टी," तो हळूच म्हणाला. "विचारलंस का?"

त्या रात्री मी घरी काहीच बोलले नाही. शुक्रवारीही नाही. त्याला काय सांगायचं ते मात्र मनाशी ठरवलं: जा तू. हे दोन शब्द इतके सोपे होते, की मला स्वतःचीच भीती वाटली.

शनिवारी शेवटचं सेशन संपलं. त्यानंतर प्रश्नावली असते, रेकॉर्डर लावून. ती मीच तयार केलेली. गोष्टीवाल्यानं दार उघडून मला आत बोलावलं. "प्रश्न तू विचार," तो म्हणाला. "मी लिहून घेतो."

बाबांच्या पुढ्यात आलेखाची वही होती. त्यांनी अख्ख्या गावाचा नकाशा काढला होता.

"गिरणीपासून तळं तीनशे वीस पावलं आहे," ते मला म्हणाले. "तुमच्या नकाशात तीनशे दाखवलंय. दुरुस्त करायला सांग."

"सांगते. दोन्ही नमुन्यांतला कोणता आवडला?"

"पहिल्यात चार मिनिटांत पोरगी होडीत. मला तिचा चेहराही नीट बघता आला नाही. पण पुढे ती रडली तेव्हा मलाही भरून आलं, हे खरं आहे." त्यांनी चष्मा पुसला. "दुसऱ्यात कुणी घाई करत नाही. पण कुणी विचारतही नाही, की बाबा रे, तुझं काय चाललंय. दोन्हीत थोडं थोडं चुकलंय."

गोष्टीवाल्याचं पेन भरभर चालत होतं.

"तुम्ही काठावर मिळून अडीच तास उभे होतात," मी वाचलं. "हाक मारायचं बटण माहीत होतं?"

"चौकोनी. पहिल्याच दिवशी कळलं. कुत्र्याला त्यानंच बोलावतो."

"मग मुलीला हाक का नाही मारलीत?"

बाबांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघितलं, जणू मी बेरीज चुकले होते.

"एकदा घराजवळून मारून बघितली की. हातातलं टाकून धावत आली. काय हवंय बाबा, म्हणाली. अशी पोरगी. काठावरून हाक मारली असती तर तिथेही आली असती, होडीत बसलीही असती. पण ती मी बोलावलं म्हणून आली, की तिला जायचं होतं म्हणून, हे मला कसं कळणार? म्हटलं, तिचं ठरलं की ती आपणहून येईल. आपण जवळपास असावं, म्हणजे झालं."

"ती येणार नाही, काका," गोष्टीवाला एकदम म्हणाला. नियम मोडल्याचं त्याच्या लक्षात आलं, पण तो थांबला नाही. "तसं लिहिलेलंच नाही. हाक मारल्याशिवाय तिला हलताच येत नाही."

"मग ती चूक तुमची आहे हो. तिची नाही." बाबांनी मान वळवली. "सहा दिवसांत आज तोंड उघडलंत. मला वाटलं होतं, हे गृहस्थ जात्याच अबोल आहेत."

मी प्रश्नावली उलटी ठेवली. पुढचा प्रश्न तिच्यात नव्हता.

"ती गेल्यावर तुम्हाला एकटं वाटेल... म्हणून नाही थांबलात?"

"गावात कामं काय कमी आहेत? अजून तीन छपरं राहिलीत." मग त्यांचा आवाज खाली आला. "वाटेल की एकटं. काही दिवस वाटेलच. त्यासाठी तिला अडवून ठेवायचं? तुला खरंच असं वाटलं?"

"आकड्यांवरून वाटलं."

"आकडे बरोबर असतील. अर्थ चुकला." त्यांनी वही मिटली. "यांच्या पाण्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवलीय. 'उकळलेलं आहे, प्यायचं विसरू नकोस.' अक्षर ओळखायला मला भिंग लागत नाही. सोमवारीच बघितली."

गोष्टीवाल्यानं बाटली टेबलाखाली न्यायचा प्रयत्न केला. आता त्याला काही अर्थ नव्हता, ते बहुधा त्याच्याही लक्षात आलं. बाटली हातात धरून तो तसाच बसला. कान माझ्यापेक्षा लाल.

 सोमवारपासून आम्ही पाच संध्याकाळी समोरासमोर बसून चहा प्यायलो होतो, आणि पाचही संध्याकाळी त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. आताही विचारत नव्हते. खुर्चीत टेकून बसले होते, वहीवर हात ठेवून, घाई नसलेल्या माणसासारखे. रेकॉर्डरवरचे सेकंद पुढे सरकत होते. गोष्टीवाला माझ्याकडे बघत नव्हता. बघितलं तर तेही बोलावणं होईल, असं त्याला वाटलं असावं.

चौथ्या मजल्यापर्यंतची सगळी वाक्यं मला आठवली. प्रत्येकात 'पण' होतं, 'तुमची हरकत नसेल तर' होतं. मी ती सगळी बाजूला ठेवली.

"बाबा," मी म्हणाले, "मला यांच्याशी लग्न करायचं आहे. आणि मी आपलं घर सोडून जाणार आहे."