पाचवाला आणि हरवलेला रूट

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती धाडकन त्याच्यावर आदळली. खरं तर त्याच्यावर नाही, त्याच्या हातातल्या स्टुलावर.

"लागलं का हो?"

आवाज कानावर पडला आणि ती कोपर चोळायचंच विसरली. हा आवाज ती गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी पाच ते सहा ऐकत आली होती. रेडिओवरचा निवेदक! त्याचं खरं नाव फार कमी लोकांना ठाऊक होतं. सगळं शहर त्याला पाचवाला म्हणायचं. तिलाही तिच्या ऑफिसात केबलताई हेच नाव पडलं होतं. या रेडिओ केंद्राचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचं काम तिच्याकडे होतं.

"मला नाही लागलं… स्टुलाला विचारा," ती म्हणाली. "आणि स्टूल कशाला हो?"

"वरच्या वायरी हलवून बघणार होतो. दुसरं काही सुचेना."

"वायरींना बोट जरी लावलंत ना, तर याद राखा!"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटतो, हे रेडिओवर कुठून कळणार? तिने मुकाट्याने लॅपटॉपची पिशवी सावरली आणि पुढे झाली. कान मात्र गरम झाले होते.

चार वाजायला दहा मिनिटं होती. प्रकरण साधं होतं, पण डोक्याला ताप देणारं. स्टुडिओ इथे, आणि टॉवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवर. स्टुडिओतला आवाज नेटवर्कवरून टॉवरपर्यंत जायचा, तिथून घराघरांत. सकाळी तिने आपल्या ऑफिसात बसून स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली होती, आणि तेव्हापासून टॉवरला इथला एक शब्द पोचत नव्हता. सकाळपासून टॉवरवरच्या मशिनमधली साठवलेली गाणी चालू होती. पाचला मात्र पाचवाल्याचं थेट प्रक्षेपण.

केंद्रप्रमुख बाई दारातच उभ्या होत्या. "कुणाची चूक आहे ते मला संध्याकाळपर्यंत लेखी हवंय. ज्याची असेल, त्याला या जिन्यावर पुन्हा पाय ठेवू देणार नाही," एवढं बोलून त्या निघून गेल्या.

"घाबरू नका," पाचवाला हळूच म्हणाला. "मला त्या रोज असंच बोलतात. जिना अजून माझाच आहे."

ती कामाला लागली. तो शेजारी खुर्ची ओढून बसला. इतक्या जवळ, की त्याच्या शर्टाचा इस्त्रीचा वास येत होता. असं कुणी बसलं की तिला एरवी राग यायचा… आज तो यायचं नाव घेईना.

"हे काय करताय?"

"आपली हाक कुठवर पोचते ते बघतेय. हा पहिला टप्पा, आपला राउटर. इथून टॉवरच्या वाटेला लागायला हवं होतं. आणि बघा, बाहेर इंटरनेटच्या दारात जाऊन उभी राहिलीय."

"म्हणजे पत्ता विसरली?"

"पत्ता माहितीये. वाट सांगणारं कुणी नाही."

"माझं नेहमी असंच होतं," तो गंभीर चेहरा करून म्हणाला.

तिला हसू आलं… आणि ते अर्ध्यातच गोठलं. वाट सांगणारं कुणी नाही! कुठली ओळ नाहीशी झाली, ते तिला लख्ख आठवलं. दोन वर्षांपूर्वी टॉवरची जागा बदलली, तेव्हा घाईघाईत तिनेच तो रूट, म्हणजे टॉवरची वाट सांगणारी ओळ, हाताने टाइप केला होता. 'नंतर फाईलमध्ये लिहून ठेवू' म्हणाली होती, आणि ते नंतर कधी उगवलंच नाही. तो कॉम्प्युटर तेव्हापासून एकदाही बंद झाला नव्हता, म्हणून चाललं. आज नव्या सिस्टिमसाठी तो रिस्टार्ट झाला आणि हाताने टाकलेली ओळ पुसली गेली.

नव्या सिस्टिमवर ढकललं असतं तर कुणाला काय कळणार होतं? सगळेच ढकलतात. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. सव्वाचार.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. आणि सगळं सांगून टाकलं.

 

"दुरुस्त होईल?" त्याने विचारलं.

"टॉवरच्या राउटरचा नंबर मिळाला तर."

त्याने तडक टॉवरच्या राखणदाराला, मामांना, फोन लावला. मामांचा चष्मा घरी राहिला होता. "तीन आहे… नाही, आठ. आठच! थांबा, पुसून बघतो…" असं करत करत मामांनी एकेक आकडा वाचला. ती टाइप करत होती, तो तिच्या कानाशी फोन धरून उभा होता. पहिल्यांदा उत्तर नाही. दुसऱ्यांदा नाही. "मामा, तो आठ एकदा परत बघा हो!" ती ओरडली.

"अगं बाई, तीनच आहे की!"

चार सत्तावन्नला पडद्यावर टॉवरचं उत्तर उमटलं, आणि मग धडाधड उत्तरं येतच राहिली. ती खुर्चीवरून उडीच मारून उठली. त्याने आनंदाने तिचे दोन्ही हात धरले… आणि सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

"पाच!" काचेपलीकडून बाई ओरडल्या. तो माइककडे पळाला.

कार्यक्रम संपल्यावर तिने रूट फाईलमध्ये लिहिला, कॉम्प्युटर दोनदा रिस्टार्ट केला, दोन्ही वेळा टॉवर लागला. मग बिघाड नोंदवही उघडली. 'कारण' या रकान्याशी पेन थांबलं.

"नवी सिस्टिम असं लिहा ना," तो मागून म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "या वेळी बाई बोलल्या तसं करतील. तुम्ही पुन्हा इथे… लिहा ना."

"ते खोटं होईल."

"माहितीये. तुम्ही मघाशी खरं बोललात ना, तेव्हाच मी कामातून गेलो. रोज न दिसणाऱ्या माणसांशी गोड बोलतो मी. तोंडावर खरं बोलणारं माणूस आज भेटलं, आणि मला ते हरवायचं नाहीये."

 तरी तिने ठळक अक्षरात लिहिलं : 'माझी चूक.' खाली सही केली.

बाईंनी वही वाचली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "उद्यापासून हे केंद्र दुसरा इंजिनीअर बघेल," त्या म्हणाल्या, आणि वही घेऊन गेल्या.

 तो जमिनीकडे बघत होता.

"म्हणजे आता तुम्ही येणार नाही."

"कामाला नाही येणार," तिने लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला. "उद्या सहाला खाली फाटकाशी थांबते. जिना चढायला बंदी आहे ना, मग तुम्हीच उतरून या."

"उद्या?" तो इतका खुलला, की डावा डोळा पूर्णच मिटला. "अहो, आज काय वाईट आहे? सहा तर वाजून गेलेत!"

आणि तिच्या आधी दोन-दोन पायऱ्या गाळत तोच जिना उतरला.